अकरा फोनांतला लाल

गेल्या सप्टेंबरात हर्षदाने दुरुस्त केलेले फोन एकामागून एक परत येऊ लागले. तक्रार एकच होती, स्क्रीन लाल दिसते. माणसांचे चेहरे उन्हात करपल्यासारखे, पांढरा कागद गुलाबी, कपातलं दूधसुद्धा गुलाबी. हर्षदा प्रत्येक फोन हातात घ्यायची, उजेडात तिरका धरून बघायची आणि म्हणायची, “न्हाई, बरोबर हाय की.” लोणावळ्याच्या बाजारात रंगाची तिच्यासारखी नजर कुणाची नव्हती. त्यामुळे आपलंच काही चुकलं असेल असं समजून माणसं परत जायची. मीही एकदा तशीच परत गेले. तिची नजर जात होती आणि ती आमच्यासमोर जात होती, हे उघड व्हायला सतरा दिवस लागले. ते सतरा दिवस माझ्या डायरीत आहेत. 

हर्षदा लोणावळ्याजवळच्या औंढे गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या ठाकरवस्तीतली. वय सत्तावीस. ती आठवीत असताना तिचे वडील बुधा गेले. आई चिमाबाई उन्हाळ्यात करवंदं, पावसाळ्यात रानभाज्या घेऊन बाजारात बसते आणि एरवी बंगल्यांच्या बागांत खुरपायला जाते. हर्षदाने आयटीआय केलं आणि नवलाख उंबरे गावाजवळच्या एका कारखान्यात लागली. तिथे फोनच्या स्क्रीन तपासायचं काम होतं. काळोख्या केबिनमध्ये बसायचं. समोर एकेक स्क्रीन यायची, तिच्यावर नुसता लाल रंग उमटायचा, मग हिरवा, मग निळा, मग पांढरा. कुठे डाग आहे, कुठला कोपरा फिका आहे, ते दुसरी स्क्रीन यायच्या आत सांगायचं. चार वर्षं तिने ते केलं. कंत्राट संपल्यावर बाकीच्या मुली दुसऱ्या कारखान्यांत गेल्या. ही लोणावळ्यात आली आणि बाजारातल्या एका बोळात रखमाजींच्या झेरॉक्सच्या दुकानात अर्धं काउंटर घेऊन बसली.

माझी तिची ओळख त्याआधीच्या वर्षीची. माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दोनच महिने झाले होते आणि दिवेलागणीला माझा फोन पिवळा पडायला लागला होता. रोज संध्याकाळी सातच्या सुमाराला जुन्या वर्तमानपत्रासारखा रंग व्हायचा. दुसऱ्या एका दुकानात डिस्प्ले बदला म्हणाले. मला डिस्प्लेची चिंता नव्हती, डोळ्यांची होती. हर्षदाने फोन उघडलाही नाही. तिने विचारलं, सकाळी कसा दिसतो? सकाळी चांगला दिसतो म्हटल्यावर ती हसली. फोनमध्ये संध्याकाळी आपोआप पिवळा उजेड करायची एक सोय असते, झोप लागावी म्हणून. ती कधीतरी माझ्याच बोटाने चालू झाली होती. तिने ती बंद केली आणि म्हणाली, “मावशी, डोळे चांगलेत तुमचे. उगा घाबरला.”

तिची कामाची रीत ठरलेली होती. आधी फोनला विचारायचं, मग काचेला. रंग बिघडलेल्या स्क्रीनचा फोटो फोनमध्येच काढायचा, म्हणजे स्क्रीनशॉट, आणि तो दुसऱ्या चांगल्या फोनवर पाठवायचा. तिथेही रंग बिघडलेला दिसला तर दोष त्या चित्रातलाच. तिथे चांगला दिसला तर दोष काचेचा, नाहीतर रंगाच्या सेटिंगचा. ब्राइटनेसचंही तसंच. फोन आपोआप मंद होतो म्हणून कुणी आलं, की ती आधी वरच्या कडेची धूळ पुसायची, नंतर काचेवर चिकटवलेली जाड काच काढून बघायची, कारण उजेड मोजणारा छोटा डोळा तिच्याखाली झाकला जातो. एकदा मुंबईचा एक पर्यटक दुपारी घाटातल्या पॉइंटवरून, उन्हातून थेट तिच्याकडे आला. डिस्प्ले गेला, नवा टाका, म्हणून घाई करत होता. हिने त्याचा फोन पंख्यासमोर ठेवला आणि त्याला समोर चहा प्यायला पाठवलं. फोन तापला की स्वतःला वाचवायला मंद होतो, हे त्याला परत आल्यावर कळलं. रखमाजी त्या दिवशी तिला म्हणाले, अशाने तू म्हातारी होईपर्यंत अर्ध्याच काउंटरवर बसशील. ती म्हणाली, आबा, मग उरलेल्या अर्ध्यावर तुमी बसा की.

एकवीस सप्टेंबरला माझा फोन हातातून पडला आणि काच फुटली. हर्षदाने नवा डिस्प्ले बसवला. बसवल्यावर ती प्रत्येक फोनचा रंग स्वतःच्या नजरेने जुळवायची. बऱ्याच फोनांत त्यासाठी पट्ट्या असतात, लाल, हिरवी आणि निळी. बोटाने सरकवली की तो रंग कमीजास्त होतो. दुसरे कारागीर त्या पट्ट्यांना हात लावत नाहीत. हिचा त्यावरच भर, त्यासाठीच माणसं तिच्याकडे यायची. त्या दिवशी तिने लाल पट्टी बरीच पुढे नेली, हे मी पाहिलं. त्याचा अर्थ मला कळला नाही.

घरी येऊन नातीचा फोटो उघडला आणि दचकले. पोरगी ताप आल्यासारखी लाल दिसत होती. तेवीस तारखेला पुन्हा गेले. हर्षदाने बघितलं आणि बरोबर आहे म्हणाली. मी पुन्हा विचारलं तेव्हा ती हलक्या आवाजात म्हणाली, “मावशी, एकदा डोळ्यांच्या डाक्टरला दाखवून या.”

पुढचे दहा दिवस मी दुसरं काही केलं नाही. सकाळी उठून एक डोळा झाकायचा, कुंडीतल्या जास्वंदीकडे बघायचं, मग दुसरा झाकायचा. मी एकटी राहते. नजर गेली तर काय काय जाईल, याचा विचार करत मी ती जास्वंद बघायची. तीन ऑक्टोबरला डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले आणि मला पूर्ण निर्धास्त केलं. रंगही अगदी नीट दिसतात म्हणाले. मी रिक्षात बसले आणि निम्म्या वाटेवर माझ्या लक्षात आलं, की माझे डोळे चांगले असतील तर भीती संपत नाही. ती फक्त दुसऱ्या घरी जाते.

माझे यजमान घाटातले इंजिन ड्रायव्हर होते. लोणावळ्याच्या रेल्वेवाल्यांच्या बायकांना एक दिवस कॅलेंडरवर लिहायला लागायचा नाही, तो म्हणजे नवऱ्याच्या डोळ्यांच्या तपासणीचा. रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक असायचं, ठिपक्यांत लपलेले आकडे वाचायचे. वाचता आले नाहीत तर इंजिनावरून उतरायचं. त्यांच्याबरोबरचे एक ड्रायव्हर होते, हौशीराम. वय चव्वेचाळीस. त्यांनी तीन वेळा लेखी तक्रार केली होती, की घाटातल्या एका सिग्नलची लाल काच फिकी झाली आहे, बदला. तीन वेळा माणूस जाऊन काच बघून आला. काच चांगली होती. पुढच्या तपासणीत त्या पुस्तकाने हौशीरामांना उतरवलं आणि ते कारकुनाच्या टेबलावर बसले. फसवायचं त्यांच्या मनात कधीच नव्हतं. त्यांना खरोखर काचच फिकी दिसत होती. डोळा फिका होतो तेव्हा तो तसं सांगत नाही, तो जग फिकं झालं म्हणतो.

चार ऑक्टोबरला मी बाजारात गेले तेव्हा काउंटरवर सारिका उभी होती. ती फोनवरून साड्या विकते, दिवाळीचे दिवस तिच्या धंद्याचे. तिने फोन काउंटरवर आपटला नाही एवढंच.

“हर्षदा, या फोटोतल्या साडीचा रंग कोणता, सांग मला.”

“मातकट. विटकरीकडं जाणारा.”

“गिऱ्हाइकाला मी मरून म्हणून पाठवली ही. तिने घडी उघडली आणि मला विचारलं, ताई, तुम्ही चष्मा कधी लावणार? घरात साडी बघितली तर तपकिरी. फोनमध्ये बघितली तर मरून. काय करून ठेवलंयस याला?”

हर्षदाने स्क्रीनशॉट काढला, स्वतःच्या फोनवर पाठवला, दोन्ही फोन शेजारी ठेवले. मग म्हणाली, दोन्हीकडं सारखंच दिसतंय, म्हणजे फोटोच तसा काढलाय. सारिकाने दोन्ही फोनांकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. तिचा फोन लाल होता आणि हर्षदाचा नव्हता. शाळेतल्या मुलालासुद्धा तो फरक दिसला असता. सारिका मला म्हणाली, मावशी, मी वेडी झाले का? मी काहीतरी पुटपुटले. हर्षदा खाली बघून ड्रॉवरमध्ये काही शोधत होती. मग तीच म्हणाली, की डिस्प्लेचा हा लॉटच खराब आलाय, त्यात लाल पुरता येत नाही. पुण्याच्या व्यापाऱ्याला तिने तसं कळवलंही होतं. दोन फोनांत तर चांगले डिस्प्ले काढून पुन्हा नवे घातले होते.

त्याच वेळी मी बोलायला हवं होतं. चार दिवस मी गप्प बसले. हौशीरामांच्या बायकोचा चेहरा मी पाहिला होता, आणि सत्तावीस वर्षांच्या मुलीला हे शब्द सांगायची मला भीती वाटली. त्या चार दिवसांत काय चाललं होतं हे मला माहीत असतं तर मी चार मिनिटंही थांबले नसते.

आठ तारखेला दुपारी मी गेले. पाऊस परतीचा होता, बोळात पाणी साचलं होतं. हर्षदा एका फोनवर तिची ती लाल चौकट लावून बसली होती, कारखान्यात उमटायची तशी. स्क्रीनभर लाल रंग. ती तो पुढे-मागे करत होती, काच पुसत होती, ब्राइटनेस शेवटपर्यंत नेत होती. मला म्हणाली, हाही गेला, धूळ बसल्यावाणी दिसतोय, लाल येतच न्हाई पुरता. माझ्या डोळ्यांना तो लाल सोसवत नव्हता.

रखमाजींच्या काउंटरवर कागद ठेवायची पुठ्ठ्याची फाइल होती. सरकारी कामाची साधी लाल फाइल. मी ती उचलली आणि तिच्यासमोर धरली.

“हर्षदा, ही कोणत्या रंगाची?”

“तपकिरी,” ती वर न बघता म्हणाली. मग तिने वर बघितलं, कारण झेरॉक्सचे कागद जुळवणाऱ्या रखमाजींचे हात थांबले होते. “तपकिरी न्हाई का?”

तिने फाइल माझ्या हातातून घेतली, पायऱ्या उतरून बोळात उघड्यावर गेली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. पावसाचे थेंब फाइलवर पडत होते. एक डोळा झाकला, मग दुसरा. परत आली तेव्हा तिने फाइल ओढणीने पुसली आणि जागेवर ठेवली.

“मावशी,” ती म्हणाली, “हिला सेटिंग न्हाई.”

मी तिला माझ्या घरी, भांगरवाडीला घेऊन आले. चहा केला, तो तसाच राहिला. बऱ्याच वेळाने तिने सांगितलं, ते मी कुणाला सांगू नये म्हणून आधी शपथ घालून. जूनपासून तिला टीबीच्या गोळ्या चालू होत्या. खोकला, ताप, वजन उतरलेलं. तपासणीत निघालं. बाजारात कळलं तर काउंटर सुटेल, तिने हातात घेतलेला फोन कुणी कानाला लावणार नाही, म्हणून तिने लपवलं. रोज सकाळी आठला, उपाशीपोटी, वजनाप्रमाणे दिलेल्या गोळ्या ती न चुकता घेत होती. चार महिन्यांत एकही दिवस खंड नाही.

“माझ्या बाबालाबी हेच झालं हुतं,” ती म्हणाली. तोपर्यंत मी समजत होते की बुधा छातीच्या दुखण्याने गेले. “तीन महिन्यांत बरा वाटला. भातलावणी आली. गोळ्या सोडल्या आन् लावणीला गेला. पुढच्या होळीला गेला. मी आयला शब्द दिलाय, एकबी गोळी चुकवणार न्हाई.”

मग तिला ते आठवलं. बोलता बोलताच आठवलं असावं, कारण ती मध्येच थांबली. गोळ्या सुरू करताना आरोग्यसेविकेने दोन गोष्टी सांगितल्या होत्या. लघवी लाल होईल, त्याला घाबरू नकोस. आणि नजरेत काही फरक वाटला तर लगेच ये, वाट बघू नकोस. पहिलीला ती घाबरली नव्हती. दुसरी ती रोज स्वतःच तपासून बघायची, पण तिच्या परीने. डोळा दुखतो का, पाणी येतं का, लांबची पाटी वाचता येते का. सगळं ठीक होतं. रंग ही नजर आहे हे तिच्या डोक्यात आलंच नाही. रंग म्हणजे स्क्रीन. रंगात फरक पडला की काय करायचं हे तिला बाजारात सगळ्यांत जास्त माहीत होतं, आणि ते ती तीन आठवडे करत होती.

मी म्हटलं, आत्ता जाऊ. दवाखाना बंद झाला होता. उद्या सकाळी जाऊ म्हटलं तर म्हणाली, “गोळ्या बंद करा म्हणतील. न्हाई मावशी. आंधळी झाले तरी आयजवळ बसंन. मेल्यावर काय?”

ती गेल्यावर मी डायरी उघडली आणि माझ्या भेटीच्या तारखा आणि त्या दिवशी ती कशाला कोणता रंग म्हणाली, ते एका वेगळ्या कागदावर उतरवून काढलं. मिशनच्या शाळेत सिस्टर आम्हाला सांगायच्या, घाबरलात की नीट अक्षरात लिहा. अक्षर नीट आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला दार वाजलं. हर्षदा. आत ये म्हटलं तर पायरीवरच बसली. तिची उजवी मूठ मिटलेली होती. आठ वाजायला आले तशी ती मुठीकडे बघायला लागली. गोळी घ्यावी तर डोळे जातात, न घ्यावी तर बाबासारखं. तिने घड्याळ बघितलं, मी बघितलं. आठ वाजून गेले. चार महिन्यांत पहिल्यांदा आठ वाजून गेले. तिने मूठ उघडली तेव्हा घामाने गोळ्यांचा रंग सुटला होता आणि सगळा तळहात लाल झाला होता. ती गोळ्या मोजत होती. हाताला रंग लागलाय हे तिला दिसत नव्हतं.

मी ओला रुमाल आणून तो हात पुसला. कशाला पुसताय, तिने विचारलं. घाम आलाय म्हटलं.

मी तिला दवाखान्यात नेलं, तिथे आरोग्यसेविकेने तिचं म्हणणं निम्म्यावरच थांबवलं. त्या दिवशीची गोळी अजून घेऊ नकोस आणि आधी डोळे दाखव, म्हणून स्वतः फोन लावून तिने आम्हाला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी ड्रॉवरमधून ते ठिपक्यांचं पुस्तक काढलं, चाळीस वर्षांपूर्वी यजमानांना दाखवायचे तेच. त्याची बांधणीसुद्धा तशीच होती. पहिलं पान सगळ्यांना वाचता येतं. हर्षदाने वाचलं, बारा. दुसरं पान. ती वाकून बघत राहिली.

“हितं काय न्हाई.”

तिसरं पान.

“हितंबी न्हाई. नुसते ठिपके हायत.”

मी तिच्या मागे बसले होते. माझ्या जागेवरून मला सहाचा आकडा स्वच्छ दिसत होता. मी मान वळवून भिंतीकडे बघितलं.

कधीपासून, असं बाईंनी विचारलं तेव्हा हर्षदाला सांगता येईना, तिच्या लेखी स्क्रीन खराब होत्या. मी कागद पुढे केला. एकवीस सप्टेंबर, लाल पट्टी बरीच पुढे. चार ऑक्टोबर, मरूनला मातकट. आठ ऑक्टोबर, लालला तपकिरी. बाई दोनदा वाचून म्हणाल्या, आणखी महिनाभर असंच गेलं असतं तर मला आज जे सांगता येतंय ते सांगता आलं नसतं.

“गोळी बंद केली तर मी मरंल का?” हर्षदाने विचारलं. डोळ्यांचं तिने अजून काही विचारलंच नव्हतं.

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. एका गोळीत तीन औषधं एकत्र असतात, त्यातलं एकच डोळ्यांच्या नसेला त्रास देतं. ते आजपासून बंद. बाकीची वेगळी करून देतील, ती एक दिवसही सोडायची नाहीत, गरज पडली तर मुदत वाढवतील. तुझा आजार आता दुसऱ्याला लागण्यासारखाही राहिलेला नाही. हे सगळं त्यांनी दोनदा सांगितलं. हर्षदाने ते तिसऱ्यांदा सांगायला लावलं.

मग तिने विचारलं, “आन् लाल?”

“बऱ्याच जणांना परत दिसतो,” बाई म्हणाल्या. “महिने लागतात. पुरता परत येईल असं मी आज म्हणणार नाही.”

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. बाहेरून जाणाऱ्या प्रत्येक वस्तूचा रंग ती मला विचारेल असं मला वाटलं. तिने काही विचारलं नाही. कामशेत गेल्यावर म्हणाली, किती फोन बिघडवले मी? आणि स्वतःच मोजायला लागली. सप्टेंबरपासून तिने ज्यांचे रंग जुळवले ते, माझा सोडून, अकरा.

दुसऱ्या दिवशी तिने अकरा जणांना फोन केले. मी नको म्हणत होते. दिवाळी तोंडावर, आणि हे कळल्यावर कोण येईल तिच्याकडे? तिने सांगितलं ते एवढंच, की माझ्या डोळ्यांना औषधाने त्रास झालाय, तुमचा रंग मी चुकीचा लावलाय, घेऊन या. रखमाजींना मात्र आजाराचं नाव सांगितलं, कारण ती त्यांच्या छताखाली बसत होती. रखमाजी आठ दिवस खुर्ची दारात टाकून बसले. नवव्या दिवशी जोराचा पाऊस आला म्हणून आत आले, ते आतच राहिले. त्यावर दोघं कधी बोलली नाहीत.

अकरापैकी आठ जण आले. एकाने फोन परत नेताना विचारलं, आता दुकान कुणाला देणार? सारिका आली तेव्हा हर्षदा उभी राहिली. सारिकाने फोन तिच्यासमोर ठेवला आणि म्हणाली, तीन आठवडे मी नवऱ्याला सांगत होते की तुझा चेहरा लालबुंद झालाय, बीपी तपास. तपासून आला तो. मग दोघी हसल्या, आणि हसता हसता हर्षदा रडली. त्या दिवसांत मी तिला रडताना बघितलं ते तेव्हाच.

त्या आठ फोनांच्या पट्ट्या मी सांगेन तशा तिने मागे आणल्या. मी शेजारच्या स्टुलावर, ती तिच्या जागेवर. अजून, अजून थोडी, बास. माझी शहात्तर वर्षांची नजर आणि तिचं बोट. तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी मी त्या स्टुलावर बसते. बाकीचे दिवस ती चार्जिंगची, बॅटरीची, स्पीकरची कामं घेते. त्यांना रंग लागत नाही. चिमाबाईंना तिने नजरेचं सांगितलेलं नाही, गोळ्या बदलल्या एवढंच सांगितलंय. मागच्या महिन्यात चिमाबाई माझ्याकडे आल्या, अंबाडीची जुडी ठेवली आणि विचारलं, मावशी, पोरगी भाजी घेताना टमाटी दाबून का बघती? मी म्हटलं, कच्ची-पिकी कळतात दाबून. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी खोटं बोलत नाही, आणि ते खोटं नव्हतं, पण त्या गेल्यावर मी बराच वेळ दाराशी उभी होते.

डिसेंबरच्या तपासणीत हर्षदाने पुस्तकाची चार पानं जास्त वाचली. त्या संध्याकाळी तिने रखमाजींना आणि मला वडापाव आणला. फेब्रुवारीत पुन्हा गेलो. तेवढीच चार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थांबू, अजून वेळ आहे. किती वेळ, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

आता हर्षदा आधी स्वतः पट्टी लावते. तिला बरोबर वाटेल तिथे थांबते, मग फोन माझ्याकडे वळवते. मी सांगते तेवढी मागे आणते. तिच्या बरोबरमध्ये आणि माझ्या बरोबरमध्ये ऑक्टोबरात दोन बोटांचं अंतर होतं. डिसेंबरात एक बोट राहिलं. परवा शुक्रवारी एका कॉलेजच्या मुलीचा फोन होता. हर्षदाने लाल पट्टी सरकवली, थांबली, वळवली.

“अजून थोडी मागे,” मी म्हटलं.

“आता?”

“अजून. हं, इथे.”

तिने स्क्रीनवर बोट आडवं ठेवून अंतर मोजलं. एक बोट.

“तेवढंच हाय,” ती म्हणाली.

“तेवढंच.”

“वाढलं तर न्हाई ना, मावशी?”

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा बघितलं, कारण हे उत्तर घाईने द्यायचं नसतं. नाही, मी म्हटलं, वाढलेलं नाही. तिने काच पुसून फोन त्या मुलीच्या हातात दिला.